पिवळ्या वैकुंठाच्या नोंदी

9 नोव्हेंबर 2025, रविवार

कापूस घरात यायला लागला, म्हणून मधली खोली रिकामी करत होते. पलंगाखालची लोखंडी पेटी लग्न होऊन आल्यापासून मी कधी उघडलेली नव्हती. आज उघडली तर आतून आंबूस भपकारा आला, चायनीजच्या गाडीवर व्हिनेगरची बाटली फुटावी तसा. आत पत्र्याचे तीन मोठे डबे. मामाजी, म्हणजे माझे सासरे, खाटेवरूनच ओरडले, "थे तुकारामाचं हाय. झाकण लाव, हवा लागून राह्यली त्याले!"

प्रभातचा 'संत तुकाराम', 1936 चा. त्याची 16 मिलिमीटरची प्रिंट आमच्या घरात इतकी वर्षं पडून होती आणि मला पत्ता नव्हता. मामाजी सतरा वर्षं टुरिंग टॉकीजवर ऑपरेटर होते. दारव्हा, दिग्रस, आर्णी, घाटंजी; जिथं जत्रा तिथं तंबू. नव्या सिनेमांच्या पेट्या अमरावतीच्या वितरकांकडून यायच्या, मूर्तिजापूरला उतरायच्या आणि तिथून शकुंतलेनं, म्हणजे अरुंद रुळांच्या आगगाडीनं, दारव्ह्याला. ही प्रिंट मात्र मालकाची स्वतःची. टॉकीज बंद पडली तेव्हा मामाजींचा आठ महिन्यांचा पगार अडकला होता. तो मिळाला नाही, हे तीन डबे मिळाले.

माझा दारव्ह्यात छोटा स्टुडिओ आहे, लग्नाच्या व्हिडिओचं एडिटिंग करते. ठरवलं की ही फिल्म संगणकावर उतरवायची आणि येत्या तुकाराम बीजेला, 5 मार्चला, गावात विठ्ठलाच्या देवळापुढं दाखवायची. जे करीन ते इथं तारखेनिशी लिहीन. कशाला हात लावला आणि कशाला नाही, हे पुढं कुणालाही कळलं पाहिजे.

16 नोव्हेंबर, रविवार

फिल्मच्या कडेवर 'सेफ्टी' असं छापलंय. म्हणजे पेट घेणारी नायट्रेट नव्हे, ॲसिटेटची. जुने 35 मिलिमीटरचे चित्रपट नायट्रेटवर असायचे. पुण्यात 2003 साली नायट्रेटच्या साठ्याला आग लागली आणि आपल्या सिनेमाचा केवढा तरी ठेवा एका दिवसात गेला. मूकपटांचं तर बोलायलाच नको. देशात 1,300 च्या आसपास बनले, त्यातले 30 सुद्धा धड हाती नाहीत.

ॲसिटेट सहजी पेट घेत नाही, पण आतून कुजते. उष्णता आणि दमट हवा मिळाली की तिच्यातून ॲसिटिक ॲसिड सुटतं, आणि ते ॲसिडच पुढची कुज वाढवतं. हाच तो वास. आमच्याकडं मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, वरून टिनाचं छप्पर. इतकी वर्षं ती टिकली कशी, याचंच नवल.

कुजली की फिल्म आक्रसते. 16 मिलिमीटरच्या प्रिंटवर दोन भोकांमधलं अंतर 7.62 मिलिमीटर असतं, म्हणजे शंभर भोकांना 762. शिंप्याकडची चांगली पट्टी आणून मोजलं. पहिलं रीळ 757, दुसरं 756, तिसरं 752. तिसरं रीळ सव्वा टक्क्याहून जास्त आक्रसलंय. साध्या मशीनवर लावलं तर दाते भोकं फाडतील.

30 नोव्हेंबर, रविवार

एका शाळेच्या भंगारातून 16 मिलिमीटरचं जुनं मशीन मिळालं. दारव्ह्याच्या लेथवाल्याला तिसऱ्या रिळाचा बिनकामाचा तुकडा दाखवला. त्यानं फिल्म ओढणारा दाता घासून बारीक करून दिला. मोटर काढून हळू फिरणारी बसवली, बल्ब काढून एलईडीचा पॅनल लावला. चाकावर लोहचुंबक चिकटवलाय. एक फेरा म्हणजे एक फ्रेम, आणि प्रत्येक फेऱ्याला कॅमेऱ्याचं बटण दाबलं जातं. भिंग मॅक्रोचं. फ्रेमबरोबर कडेची आवाजाची पट्टीही टिपली जाते, नंतर तिच्यावरून आवाज काढता येतो.

मामाजी दिवसभर शेजारी बसून. त्यांची नजर अधू झालीय, पण मशीनच्या आवाजावरून म्हणाले, "लूप लहान पडून राह्यला." पाहिलं तर लूप, म्हणजे फिल्मचा सैल सोडलेला वळसा, खरंच लहान पडला होता.

7 डिसेंबर, रविवार

हिशेब. सेकंदाला 24 फ्रेम. चित्रपट 131 मिनिटांचा, म्हणजे 1,88,640 फ्रेम. सेकंदाला एक टिपली तर 52 तासांच्या वर. एका फ्रेमला 20 एमबी धरले तर पावणेचार टीबीहून जास्त. लग्नसराईचे आगाऊ पैसे आले होते, त्यातून दोन हार्ड डिस्क घेतल्या.

14 डिसेंबर, रविवार

पहिलं रीळ सुरू. दिवसा लाइन टिकत नाही, म्हणून रात्री दहानंतर चालवते.

21 डिसेंबर, रविवार

आजचं नीट लिहायचंय.

पहिली दोन रिळं उतरली. तिसरं लावण्याआधी पुसत होते. मऊ सुती कापड, त्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि फिल्म त्यातून हळूहळू ओढायची. रिळाच्या शेवटाकडं आले आणि कापड पिवळं झालं. हळदीचं बोट पुसावं तसं. मी तिथंच थांबले.

दिव्यावर धरून पाहिलं. शेवटची दीडेक मिनिटाची पट्टी, पन्नासेक फूट, पूर्ण पिवळी. जुनाट झाक म्हणावी तशी नव्हे, कुणी मुद्दाम रंगवलेली. भोकांच्या कडेला रंग दाट साचलाय, मध्ये फिका, कुठं कुठं ओघळ. तुकोबा वैकुंठाला निघतात, आभाळातून गरुडाचं वाहन येतं, जिजाई खाली राहते, तो हा भाग. आणि एका फ्रेमवर, आभाळाच्या जागी, अंगठ्याचा ठसा. भिंगातून त्याच्या रेषा मोजता येतील इतका स्पष्ट. रंग ओला असताना कुणीतरी पट्टी तिथं धरली होती.

मामाजींना विचारलं. ते काही बोलले नाहीत, उठून अंगणात गेले.

24 डिसेंबर, बुधवार

पिवळ्या भागाला अल्कोहोल लावायचं नाही. फक्त कोरडा मऊ ब्रश. आधी दोनेक फुटांवरचा रंग थोडा निघाला, तो माझ्या हातून निघाला. नोंद केली.

4 जानेवारी 2026, रविवार

मामाजींनी आज आपणहून सांगितलं. तूर काढायला माणसं आली होती, ती गेल्यावर.

रंगीत सिनेमे जत्रेत यायला लागले आणि तुकारामाची गर्दी हटली. मालक म्हणाला, वैकुंठात तरी रंग पाहिजे. मामाजींनी बाजारातून कापड रंगवायच्या पिवळ्या रंगाची पुडी आणली. परातीत पाणी कोमट केलं, पट्टी कापून त्यात बुडवली आणि कडुनिंबाच्या सावलीत दोरीवर वाळत घातली. "पीतांबर पिवया असते, म्हून पिवया." रात्री खेळाला पडदा पिवळा झाला तेव्हा बाया उठून उभ्या राहिल्या, कुणी पडद्याला हळदकुंकू लावलं, तंबूत चिल्लर उडाली. नंतर प्रत्येक जत्रेत लोक विचारायचे, पिवळा तुकाराम आणला का?

रंग नेमका चित्राच्या थरावर चढतो, कारण तो थर जिलेटिनचा असतो आणि जिलेटिन रंग पिऊन घेतं. मूकपटांच्या काळात कारखान्यांत हेच सर्रास चालायचं: रात्रीचं दृश्य निळं, आगीचं लाल, अख्ख्या पट्ट्या रंगात बुडवून काढायच्या. मामाजींना हे कुणी शिकवलेलं नव्हतं. आवाजाची पट्टीही पिवळी झाली, तरी आवाज बिघडला नाही. मशीनमधल्या आवाजाच्या बल्बचा उजेड मुळात तांबूस असतो आणि पिवळा रंग तो अडवत नाही.

प्रभातला स्वतःलाही रंग हवा होता. 1933 ची 'सैरंध्री' रंगात काढायची म्हणून जर्मनीत प्रक्रियेला नेली होती, जमलं नाही. त्यानंतर तीन वर्षांनी विष्णुपंत दामले आणि फत्तेलाल यांनी तुकाराम केला तो काळ्यापांढऱ्यात. त्यातला प्रत्येक पांढरा आणि प्रत्येक करडा त्यांनी पाहून ठरवलेला. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. रंग नव्हता म्हणून चित्र अपुरं राहिलं असं नाही. करड्या छटांत काय उठून दिसेल हे धरूनच कपडे, भिंती आणि उजेड ठरवायचे असतात.

15 जानेवारी, गुरुवार

काल संक्रांतीला मुलगा अमरावतीहून आला. इंजिनीअरिंगला आहे. एआयवर चालणारं सॉफ्टवेअर घेऊनच आला होता. पहिल्या रिळातली दोन मिनिटं त्यात टाकली, जेवण होईपर्यंत रंगीत होऊन बाहेर आली. क्षणभर मीही पाहत राहिले, खोटं कशाला लिहू.

मग एकेक फ्रेम थांबवून पाहिली. तुकोबांचं उपरणं भगवं झालं होतं. कशावरून? मागच्या गर्दीतले चेहरे आमच्या प्रिंटमध्ये धूसर आहेत. सॉफ्टवेअरनं त्यांना डोळे, पापण्या, ओठ दिले, आणि चार माणसं एकाच आईची लेकरं वाटावीत अशी सारखी झाली. गौरीबाईंच्या जिजाईचा उन्हात रापलेला, कष्टानं ओढलेला चेहरा तर साबणाच्या जाहिरातीतल्यासारखा गुळगुळीत. ज्या बाईच्या संसारावर हा चित्रपट उभा आहे तिच्या तोंडावरचा संसारच पुसला. फिल्मचा दाणा, म्हणजे चित्रातली बारीक खरखर, गेला आणि त्याबरोबर कातडीही गेली.

मी मुलाला म्हटलं, "हे तू साफ नाही केलंस, नवं काढलंस." तो म्हणाला, "आई, कुणी पाहणारच नसेल तर जुनं ठेवून काय करायचं?" हा प्रश्न खरा आहे. त्याला धड उत्तर दिलं पाहिजे.

18 जानेवारी, रविवार

तीन दिवस डोक्यात तेच चाललंय. लग्नाचा अल्बम करता करता कागदावर मुद्दे मांडले.

'मुघल-ए-आझम' 1960 चा. के. आसिफना पूर्ण रंगीत करायचा होता, काही भागच रंगात झाला. ते 1971 मध्ये गेले. 2004 मध्ये संगणकावर पूर्ण रंगवला, आवाज नव्या पद्धतीचा केला, आणि 197 मिनिटांचा 177 केला. मी तो अमरावतीला टॉकीजमध्ये पाहिलाय, पडदा डोळ्यांत मावत नव्हता. दिग्दर्शकाची इच्छा होती म्हणून रंगवला, हे एकवेळ पटतं. पण मग वीस मिनिटं का काढली? ती कुणाची इच्छा होती? रंगापेक्षा मला ती कात्री जास्त लागली.

'शोले'चं उलट आहे. 1975 मध्ये आणीबाणी होती. ठाकूर गब्बरला मारतो तो शेवट सेन्सॉरनं चालू दिला नाही, पोलीस येऊन धरतात असा केला. 2025 च्या जूनमध्ये इटलीत बोलोन्याला दुरुस्त केलेली प्रत मूळ शेवटासकट दाखवली. बनवणाऱ्याच्या हातून जे जबरदस्तीनं काढून घेतलं ते परत दिलं. मला हे योग्य वाटतं. पण पन्नास वर्षं गावोगावच्या लोकांनी जो शेवट पाहिला तोही फेकून देऊ नये, दोन्ही जपावेत.

आणि 'रांझणा'. 2025 च्या ऑगस्टमध्ये त्याची तामिळ आवृत्ती पुन्हा लावली, एआयनं शेवट बदलून. मेलेला नायक जिवंत केला. दिग्दर्शक आनंद एल. राय आणि धनुष दोघांनीही जाहीर निषेध केला. दिग्दर्शक जिवंत, नट जिवंत, दोघं नको म्हणतात, तरी हे होतं. मग दामले-फत्तेलालांच्या वतीनं कोण बोलणार?

बनवणाऱ्यानं स्वतः बदललं तर? इथं मी अडखळते. जॉर्ज लुकस 1988 मध्ये अमेरिकेच्या संसदेपुढं जाऊन बोलले होते की जुन्या चित्रपटांत फेरफार करू देऊ नका. आणि 1997 मध्ये त्यांनीच आपल्या 'स्टार वॉर्स'मध्ये नवी दृश्यं घातली. स्पीलबर्गनी 2002 मध्ये 'ई. टी.'तल्या पोलिसांच्या हातातल्या बंदुका पुसून वॉकीटॉकी दिले, नंतर पस्तावले, आणि 2012 मध्ये बंदुका परत आणल्या. परत आणता आल्या, कारण जुनी प्रत जपलेली होती. सगळं तिथं येऊन थांबतं. जुनं हातात असेल तर चूक सुधारता येते.

25 जानेवारी, रविवार

तिसरं रीळ पूर्ण उतरलं. एकूण 1,76,112 फ्रेम, म्हणजे 122 मिनिटं 18 सेकंद. पावणेनऊ मिनिटं कमी. 41 जोड सापडले. मामाजी म्हणतात, जत्रेत रात्रीचे तीन खेळ बसवायचे तर मालक कापायला लावायचा. शिवाय तुटलं की दोनचार फ्रेम जायच्याच. प्रत्येक जोडाला चित्र आधी उडी मारतं आणि आवाज सेकंदभरानं, कारण 16 मिलिमीटरवर आवाज चित्राच्या 26 फ्रेम पुढं छापलेला असतो.

1 फेब्रुवारी, रविवार

देवळात बैठक. भजनी मंडळ, मंडळाची पोरं आणि बचत गटाच्या बाया. पोरांनी मुलाकडून ती रंगीत दोन मिनिटं मोबाइलवर घेतली होती, सगळ्यांना दाखवत होती. एकानं सरळ विचारलं, "काकू, हेच लावा ना. बिनरंगाचं पाहून पोट्टे दहा मिन्टात उठून जातीन."

मी कायद्याचं सांगितलं, कारण कुणीतरी विचारलं. आपल्याकडं चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतर 60 वर्षं राहतो. 1936 च्या चित्रपटाचा केव्हाच संपला. कायद्यात कलम 57 आहे, कृतीची मोडतोड झाली आणि तिच्या कर्त्याच्या नावाला बट्टा लागला तर त्याला दाद मागता येते. पण नव्वद वर्षांपूर्वीच्या चित्रपटासाठी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात कोण दाद मागायला येणार? आपल्याला अडवणारं कुणी नाही. म्हणून तर आपणच आपल्याला अडवायचं.

मग मी सालोमालोची आठवण दिली. सगळ्यांना माहीत आहे: तुकोबांचे अभंग उचलायचा आणि खाली स्वतःचं नाव लावायचा. तुकोबांना त्याचा राग यायचा तो यासाठीच. भजनी मंडळातल्या म्हाताऱ्यांच्या माना हलल्या. पण एक आजोबा म्हणाले, "मंग 'आधी बीज एकले' काय हाय? थे तरी तुकारामाचं कुठं हाय?" अगदी खरं. ते शांताराम आठवल्यांनी याच चित्रपटासाठी लिहिलं, केशवराव भोळ्यांनी चाल दिली, आणि लोक ते गाथेत शोधत बसले. मी म्हटलं, आठवल्यांनी नवं लिहिलं, पण तुकोबांची एक ओळही खोडली नाही. गाथा होती तशीच आहे. शिवाय गाणं कुणाचं ते आज आपल्याला सांगता येतंय. सालोमालोत आणि आठवल्यांत हाच फरक.

आजोबांना पटलं की नाही, कळलं नाही. पोरांना मी एवढंच म्हटलं की पडदा वीस फुटांचा लावा, समोरचे हायमास्ट बंद करा, आवाज चांगला मिळवा, आणि मग पाहू कोण उठून जातं.

8 फेब्रुवारी, रविवार

सकाळी चहा घेताना मामाजी म्हणाले, "सूनबाई, थो पिवया रंग काढून टाक."

मला वाटलं होतं रंग राहावा असं त्यांनाच सगळ्यांत जास्त वाटत असेल.

"तू देवळात बोलली थे म्या आयकलं. दामले-फत्तेलालनं जे केलं थेच दिसलं पाह्यजे. म्या कोण होतो हात घालणारा? पोटासाठी केलं. मालकानं सांगितलं, म्या केलं. आता काढून टाक, संगणकात निंघते ना?"

निघतं. दहा मिनिटांचं काम आहे, रंगाची माहिती काढून टाकली की खालचं काळंपांढरं उरतं. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

11 फेब्रुवारी, बुधवार

रात्री काम करत बसले होते. मामाजींच्या म्हणण्यात माझाच युक्तिवाद आहे, म्हणून तो मोडणं अवघड जातंय.

पण आमच्यापुढचं काम नेमकं काय आहे? 'संत तुकाराम' वाचवणं हे नव्हे. त्याची पूर्ण प्रत पुण्याला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहे. व्हेनिसच्या महोत्सवात 1937 साली गौरवलेला चित्रपट आमच्या पेटीवर अवलंबून नाही. आमच्याकडं आहे ती दारव्हा-दिग्रसच्या जत्रांमध्ये फिरलेली, 41 ठिकाणी तुटलेली, एका ऑपरेटरनं परातीत बुडवलेली प्रिंट. अशी दुसरी जगात कुठंच नाही. पिवळा काढला तर उरेल ती पुण्याच्या प्रतीची वाईट नक्कल.

काळानं केलेली खराबी वेगळी: धूळ, चरे, थरथर, आक्रसणं. ती काढायला माझी हरकत नाही. माणसानं ठरवून केलेलं काम वेगळं, मग तो माणूस दामले असो नाहीतर तंबूतला ऑपरेटर. तुकोबांच्या चित्रपटाची गोष्ट सांगताना मामाजींचा रंग दाखवायचा नाही. या प्रिंटची गोष्ट सांगताना तो लपवायचा नाही.

15 फेब्रुवारी, रविवार

तीन फाइली ठरवल्या. पहिली, जशी उतरली तशी, एकही डाग न काढता; ती कुणीही कधीही बदलायची नाही. दुसरी, फक्त काळाची खराबी काढलेली, पिवळ्यासकट. तिसरी, शेवट काळापांढरा, मामाजींच्या म्हणण्यासाठी. प्रत्येकीच्या सुरुवातीला काय केलं ते लिहिलेलं. बीजेला कोणती लावायची ते मामाजींनी ठरवायचं, असं त्यांना सांगितलं. ते म्हणाले, विचार करतो.

22 फेब्रुवारी, रविवार

आठवडाभर धूळ काढतेय. सॉफ्टवेअर मागची आणि पुढची फ्रेम पाहतं. जे एकाच फ्रेममध्ये आहे ते धूळ समजून पुसतं. युक्ती चांगली, पण आंधळी. भजनाच्या दृश्यात टाळ एकमेकांवर आपटतात तेव्हा एका फ्रेमपुरती चमक येते, तीही त्यानं पुसली. टाळ वाजतात पण लखलखत नाहीत! मग भजनाची दृश्यं सॉफ्टवेअरमधून वगळली आणि हातानं करायला घेतली. एका संध्याकाळी जेमतेम 300 फ्रेम. उभे चरे, ज्यांना मामाजी 'पाऊस' म्हणतात, बरेचसे गेले. जे काढताना चेहऱ्याला धक्का लागत होता ते राहू दिले. अंगठ्याच्या ठशावर सॉफ्टवेअरनं दोनदा हात टाकला, दोनदा परत आणला. ती फ्रेम आता कुलूपबंद आहे.

गाळलेल्या पावणेनऊ मिनिटांचं काय? मुलगा म्हणाला, उपलब्ध प्रतीवरून घेऊन भरू, गोष्ट तुटायला नको. हे मला मान्य झालं. फक्त तो भाग सुरू असेपर्यंत पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात बारीक पांढरा ठिपका राहील. गोधडीला ठिगळ लावतो ते कापडाशी मिळतंजुळतं असावं, पण ठिगळ म्हणून दिसावं. ठिपक्याची कल्पना मुलाचीच. त्यानं रंगीत दोन मिनिटांची फाइलही आपणहून वेगळ्या फोल्डरमध्ये टाकून त्यावर लिहिलं: 'एआयनं बनवलेलं, मूळ नाही'.

3 मार्च, मंगळवार

मामाजी: "पिवयाच लाव. पण आधी मले सांगू दे."

5 मार्च, गुरुवार, तुकाराम बीज

दुपारी बाराला देवळात फुलं उधळली, प्रसाद झाला. रात्री आठला पडदा. हायमास्ट बंद करायला ग्रामपंचायतीनं परवानगी दिली. माणसं देवळाच्या पायऱ्यांपासून बैलगाड्यांच्या मागपर्यंत.

मामाजींना माइकपाशी धरून नेलं. ते जेमतेम दोन मिनिटं बोलले. चित्रपट प्रभातचा, दिग्दर्शक विष्णुपंत दामले आणि फत्तेलाल, तुकाराम विष्णुपंत पागनीस, जिजाई गौरीबाई. मग म्हणाले, "शेवटी जो पिवया रंग दिसन, थो त्यायचा नाही. थो माह्या हातचा हाय. म्या लावला होता, मालकाच्या सांगण्यावरून, लोकायले आवडावं म्हून." आणि खाली बसले.

पोरं उठली का? मागची काही उठली, पंधरावीस. बाकीची होती. जिजाईच्या प्रसंगांना बाया हसल्या, मोठ्यानं, आपल्याच घरातलं पाहिल्यासारख्या. इंद्रायणीतून गाथा वर आली तेव्हा भजनी मंडळानं टाळ वाजवले. कोपऱ्यातला पांढरा ठिपका दिसला की मंडळाची पोरं एकमेकांना सांगत होती, हे ठिगळ.

शेवटी पडदा पिवळा झाला. तो रंग आता एकसारखा राहिलेला नाही, कडेला गडद, मध्ये उडालेला; वाऱ्यावर दिवा हलावा तसा पडद्यावर हलत होता. माझ्या पुढं एक म्हातारी बसली होती, पलीकडच्या गावातली. ती शेजारणीला म्हणाली, "हाच वं थो! लहानपणी आर्णीच्या जत्रेत पाह्यला होता म्या. घरी सांगो त कोणी मानेच ना, म्हणे सिनेमा काया-पांढरा असते." आणि तिनं हात जोडले.

मी मामाजींकडं पाहिलं. ते पडद्याकडं पाहत नव्हते, प्रोजेक्टरकडं कान लावून बसले होते.

8 मार्च, रविवार

आवराआवर. पहिल्या फाइलच्या दोन प्रती केल्या. एक स्टुडिओत, एक मुलाबरोबर अमरावतीला. 41 जोडांची यादी, गाळलेल्या भागांच्या वेळा, पिवळ्या पट्टीचे फोटो आणि मामाजींचं बोलणं रेकॉर्ड करून एका फोल्डरमध्ये ठेवलं. पुण्याच्या संग्रहालयाला पत्र लिहिलं की अशी प्रिंट आमच्याकडं आहे, त्यांना हवी असेल तर देऊ. मामाजींची तयारी आहे.

रिळं गंजक्या डब्यांतून काढून प्लॅस्टिकच्या डब्यांत ठेवली, झाकणांना भोकं पाडली. ॲसिडची वाफ कोंडून राहता कामा नये. तिसरं रीळ बाकीच्यांपासून लांब. कापूस विकला गेला, मधली खोली रिकामी आहे, घरात तीच सगळ्यांत थंड. टिनाखाली गवताचा थर टाकायला माणूस सांगितलाय.

1 मे रोजी तिन्ही रिळांची शंभर भोकं पुन्हा मोजायची.